दुधाचा सरस

मेव्हिस ओडलिंगच्या नाकाला हँगरमध्ये सगळे हसायचे, आणि मनातून जरा टरकूनही असायचे. कोणी डब्यात शिळी मासळी आणली, कोणी पंखाच्या कापडावर मारायच्या लेपाच्या डब्याला झाकण लावायचं विसरलं, कोणी पत्र्यामागे जाऊन सिगारेट ओढली, हे बाई दारातून आत येता येता सांगायची आणि वर नावही घ्यायची. तिचं कधी चुकल्याचं कोणाला आठवत नाही. तरीही एका वसंतात त्या नाकाने तिला दर शनिवारी एकच गोष्ट सांगितली, आणि दर शनिवारी तिने तिच्याकडे कानाडोळा केला. का केला, हे तिला पुरेपूर माहीत होतं. म्हणूनच तिची गोष्ट सांगायला जीभ जड होते.

मेव्हिस ग्रिम्स्बीची, म्हणजे मासळीच्या गावची. ती नऊ वर्षांची असताना आई क्षयाने गेली. मावशीने सांभाळलं, पण मावशीला क्षयाची भीती इतकी की आईचे कपडे, पत्रं, चादरी, केसांचा ब्रशसुद्धा तिने परसात नेऊन जाळला. एक फोटो तेवढा वाचला, तोही शेजारणीकडे होता म्हणून. पंधराव्या वर्षी मेव्हिस जाळी विणायला बसली. बोटींची जाळी तेव्हा बायका घरोघरी विणायच्या, परसदारी खिळ्याला दोर अडकवून, एका पायाने पाळणा हलवत. पुढे बोटी बंद पडल्या, तशी जाळीही बंद पडली. नवरा विल्फ मासळीचा ट्रक चालवायचा. एका सकाळी त्याने ट्रक नीट रस्त्याच्या कडेला लावला, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून गेला. मागे एकच मुलगा, कॉलिन. तो मोठा होऊन शेतांवर औषध फवारणारी विमानं चालवू लागला, आणि सुट्टीच्या दिवशी त्याहून कितीतरी जुनी विमानं.

ही जुनी विमानं ठेवली होती लिंकनशायरमधल्या एका युद्धकाळच्या विमानतळावर. धावपट्टीवर गवत, भोवती बटाट्याची शेतं, आणि एक भलंमोठं पत्र्याचं हँगर. निवृत्त सुतार, शिक्षक, पोस्टमन असे वीसेक लोक तिथे जमायचे, मोडकी विमानं गोळा करायचे, वर्षानुवर्षं दुरुस्त करायचे आणि जूनमध्ये एक दिवस लोकांना उडवून दाखवायचे. कॉलिन एकदा आईला तिथे घेऊन गेला. हॅरल्ड टिड्सवेल, म्हणजे तिथला मुख्य, एका पंखावर ताणलेलं लिननचं कापड आतल्या लाकडी फासळ्यांना शिवत होता. मेव्हिस पाच मिनिटं बघत राहिली. मग तिला राहवेना.

"ही कसली गाठ मारताय?"

"पुस्तकातली," हॅरल्ड म्हणाला.

"पुस्तकातली असेल. पण ही आमची जाळ्याची गाठ आहे, आणि तुम्ही ती बुटाची नाडी बांधल्यासारखी बांधताय. सरका."

हॅरल्ड सरकला. त्या दिवसापासून बारा वर्षं पंखांचं शिवणकाम मेव्हिसकडे राहिलं.

हे काम एकटीने होत नाही. पंख उभा करून ठेवायचा, एका बाजूला एक बाई, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि हातभर लांबीची सुई पंखातून आरपार इकडून तिकडे, तिकडून इकडे. मेव्हिसच्या पलीकडे असायची जॉयस. जॉयसचा नवरा आर्थर त्याच विमानतळावर हवाई दलाचा सुतार होता. तो गेल्यावर जॉयस करमत नाही म्हणून यायला लागली. दोघींची मैत्री अशी पंखातून झाली. तोंडं दिसायची नाहीत, फक्त आवाज यायचा आणि सुई यायची. सुनांची गाऱ्हाणी, गुडघेदुखी, डॉक्टरचं मन कसं दगडाचं आहे, हे सगळं लिननमधून आरपार जायचं. त्यांनी दोघींनी मिळून शिवलेलं पहिलं मोठं विमान म्हणजे निळं, दोन मजली पंखांचं, दोन माणसांचं. त्याला सगळे नुसतं 'निळी' म्हणायचे.

हॅरल्डबद्दल सांगायला हवं. माणूस सत्तरीचा, उंच, कमी बोलणारा, कोणाला हात हलवून निरोपसुद्धा न देणारा. लाकडावर त्याचा जीव. विमान उडायला योग्य आहे असं लिहून खाली सही करायचा अधिकार त्या हँगरमध्ये त्याच्या एकट्याकडे होता, आणि ती सही करताना तो चष्मा दोनदा पुसायचा. पण एका बाबतीत तो हट्टी होता. मूळचं लाकूड शक्यतो काढायचं नाही. "सगळं नवीन घातलं तर ते विमान राहत नाही, विमानाचा पुतळा होतो," असं म्हणायचा. बाकीच्यांनाही हे पटायचं. या सगळ्या मंडळींचं वेडच ते. मूळचा खिळा सापडला तर चार जणांना बोलावून दाखवतील आणि त्याच्याभोवती उभे राहून चहा पितील.

पिवळी त्यांना मिळाली एका शेतकऱ्याच्या गोठ्यात. १९३८ सालचं, एकाच माणसाला बसता येईल असं लाकडी विमान. तशी उडणारी दुसरी जगात नाही. गवताखाली दडलेली होती, आणि कोंबड्यांनी तिच्यात पिढ्या काढल्या होत्या. सहा वर्षं काम चाललं. सहाव्या वर्षी डाव्या पंखावरचं कुजकं कापड उतरवलं तेव्हा आतल्या तुळईच्या प्लायवर पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी दिसल्या. तुळई म्हणजे पंखाचा कणा. सगळा भार तीच घेते. कारखान्यातल्या पोरी काम करताना कुठे कुठे नाव लिहून ठेवत, त्यात नवल नव्हतं. हॅरल्डने बॅटरी धरून वाचलं.

"नेली डाऊस. चौदा जानेवारी अडतीस. हात गारठले."

मेव्हिसच्या हातातून कात्री पडली. नेली डाऊस म्हणजे तिची आई. लग्नाआधी ती विमानाच्या कारखान्यात फळ्या चिकटवायला होती, एवढं मावशी कधीतरी बोलली होती. आईचं अक्षर कसं होतं हे मेव्हिसला आठवतसुद्धा नव्हतं, आणि आता ते समोर होतं. तिरकं, घाईचं, 'गारठले'पाशी पेन्सिल थोडी घसरलेली. सत्तावन्न वर्षांची बाई त्या तुळईपाशी लहान मुलीसारखी रडली. जॉयसने तिला धरलं.

तो भाग बदलायचा की ठेवायचा हा प्रश्न होताच. पंख जोडायला त्या काळी दुधाचा सरस वापरत, दह्याच्या चोथ्यापासून केलेला. कोरडा राहिला तर शंभर वर्षं धरतो. ओल लागली तर बुरशी त्याला खाते आणि सांधा सुटतो. हॅरल्डने खिशातून दोन पेन्सचं नाणं काढलं आणि त्याच्या पद्धतीप्रमाणे तुळईवर वाजवत गेला. टक, टक, टक. नावापाशी आला, वाजवलं, थांबला. पुन्हा एकदा वाजवलं. मग मेव्हिसच्या तोंडाकडे बघितलं. तो आपल्या आईच्या मानासाठी थांबला असं मेव्हिसला वाटलं.

"राहू दे," तो म्हणाला, आणि नाणं खिशात टाकलं.

हँगरचा एक रिवाज होता. कापड शेवटचं बंद करायच्या आधी, ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांनी आतल्या फासळीवर पेन्सिलीने नाव लिहायचं. मग सगळ्यांना एकेक पेला शेरी, एकेक बिस्किट, आणि पंख बंद. एकदा शिवला की वीस वर्षं उघडायचा नाही. उघडणं अपशकुनी समजत, जरी तसं कोणी तोंडाने कबूल केलं नसतं. मेव्हिसने आईच्या शेजारच्या फासळीवर आपलं नाव लिहिलं, आणि तो भाग तिने एकटीने शिवला. जॉयस पलीकडून सुई परत देताना एक शब्दही बोलली नाही, आणि जॉयस गप्प राहण्याची ती बहुधा पहिलीच वेळ.

पुढच्या उन्हाळ्यात पिवळी उडाली. चालवायला कॉलिन. सहा वेळा गेला, सहाही वेळा नीट उतरला. आजीच्या हातचं विमान नातू चालवतो, म्हणून गावच्या पेपरात फोटोही आला. मेव्हिसने तो कापून फ्रिजवर लावला.

मग आला हिवाळा. जानेवारीच्या वादळात हँगरच्या छपराचा एक पत्रा उडाला. पिवळी आणि निळी शेजारी शेजारी उभ्या असायच्या, आणि पाणी गळलं ते दोघींच्या मधोमध. पत्रा बसवायला तीन आठवडे गेले. तोवर खाली बादली ठेवली होती. बादलीत पडलं ते सगळ्यांना दिसलं, बाकीचं कुठे गेलं ते कोणी विचारलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मेव्हिस पिवळीच्या डाव्या पंखाखाली वाकली. आतलं पाणी निथळावं म्हणून कापडाला खालच्या बाजूने बारीक भोकं असतात, ती तुंबली नाहीत ना हे बघायचं काम तिचंच. तिने वाकून बघितलं आणि तशीच वाकलेली राहिली. भोकातून वास येत होता. नासलेल्या दुधाचा, आणि त्याखाली ओल्या गोधडीचा.

"जॉयस, इकडे ये. इथे नाक लाव."

"विमानाच्या बुडाला नाक लावू? सत्तरीला टेकलेय मी. थोडी तरी अब्रू ठेव."

"लाव गं."

जॉयस कण्हत वाकली. "लेपाचा वास आहे. दुसरं काही नाही."

"दुधाचा नाही येत?"

"सकाळी चहा सांडलास तो तुझ्याच स्वेटरवर असेल. चल, बिस्किटं संपतील."

मेव्हिस हॅरल्डकडे गेली. तो रंधा मारत होता. तिने सांगितलं तेव्हा त्याने रंधा थांबवला नाही.

"उंदीर मेला असेल आत."

"उंदराचा वास मला कळतो, हॅरल्ड."

आता रंधा थांबला. हॅरल्डने लाकडावरचा भुसा हाताने झाडला. "मग उघडू? तू म्हणशील तर उघडतो. पण सरस गेला असेल तर ती फळी कापावी लागेल. नावासकट."

बोलताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. मेव्हिसला वाटलं, याने 'उघडायलाच हवं' असं ठणकावून म्हणावं, म्हणजे आपल्या डोक्यावरचं ओझं जाईल. त्याने म्हटलं नाही. तो नुसता वाट बघत राहिला.

"उंदीरच असेल," मेव्हिस म्हणाली.

"असेल," हॅरल्ड म्हणाला, आणि पुन्हा रंधा मारू लागला. त्याला सुटल्यासारखं वाटलं हे तिला दिसलं, आणि तिला स्वतःलाही सुटल्यासारखं वाटलं. दोन शहाणी माणसं एका पंखाबद्दल एकमेकांशी खोटं बोलली, आणि त्या पंखाच्या भरवशावर कॉलिन उडणार होता.

मे महिन्यात कॉलिन दोनदा उडाला. दोन्ही वेळा मेव्हिस चहाच्या खोलीत जाऊन बसली आणि इंजिन बंद होईपर्यंत बाहेर आली नाही. एकदा तिने ढीगभर बटाटे सोलले. ते कोणी मागितले नव्हते. दुसऱ्या खेपेला कॉलिन उतरल्यावर टोपी काढत म्हणाला, "डावीकडे जरा कलते. चालवायची काठी सारखी उजवीकडे धरून ठेवावी लागते." हॅरल्डने पंखाच्या तारा थोड्या आवळल्या. ती रात्री आईच्या फोटोसमोर बसायची आणि स्वतःला समजवायची की साठ वर्षं टिकलं ते आणखी थोडं टिकेल. वास दर शनिवारी वाढत होता. आता तर ती दारातून आत येतानाच तिला तो यायचा, आणि बाकी कोणाला येत नव्हता. कोणाला तरी यावा म्हणून ती वाट बघायची, आणि कोणाला येऊ नये म्हणूनही.

जूनमधल्या खेळाच्या आदल्या दिवशी कॉलिन तिच्याकडे जेवायला आला. तिने हॅडक तळला होता, सोबत वाटाणे.

"उद्या गोलांटी मारणार आहे," कॉलिन भरल्या तोंडाने म्हणाला. "पूर्ण वर्तुळ. हॅरल्डने परवानगी दिली."

"हॅरल्डने?"

"जरा कुरकुरला. मग म्हणाला, सावकाश मार. आई, साठ वर्षांत या विमानाने गोलांटी मारलेली कोणी पाहिलेली नाही."

"साधी फेरी पुरे की."

"साधी फेरी बघायला लोक येतात होय? तुझ्या आईचं विमान आहे ते. दाखवू दे ना त्यांना." त्याने ताट पुढे केलं. "अजून एक तुकडा आहे का?"

मेव्हिसने तुकडा वाढला. नंतर तिने तीच ताटं दोनदा धुतली.

सकाळी साडेसातला ती हँगरवर पोचली. जून असला तरी शेतांवर धुकं होतं आणि पत्रा बर्फासारखा गार. मैदानावर तंबू लागत होते. फाटक दहाला उघडायचं होतं. आज जॉयसचा सत्तरावा वाढदिवस. लोक यायच्या आधी निळीतून तिला एक फेरी मारून आणायची असं ठरलं होतं, आणि ती सकाळपासून चामड्याची टोपी घालून डेनिसच्या मागे मागे फिरत होती. डेनिस निळी चालवायचा. दोघांनी निळी ढकलत बाहेर नेली. जॉयस जाता जाता म्हणाली, "पडले तर माझं शिवणाचं सामान तू घे. सुनेला देऊ नकोस."

"जा गं, म्हातारे," मेव्हिस म्हणाली.

आत पिवळी एकटी उरली. मेव्हिसने अवजारांचं कपाट उघडायला किल्ली काढली, पण बोटं वळेनात. गारठली होती. तिने हात तोंडाशी नेऊन फुंकर मारली, आणि त्याच वेळी तिला ती ओळ आठवली. हात गारठले.

दोन वर्षं तिने ती ओळ लेकीसारखी वाचली होती. बिचारी आई, थंडीत काम करत होती. हँगरमधल्या वीस जणांनीही तशीच वाचली होती. जॉयसच्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं. पण मेव्हिस बारा वर्षं या लाकडांत राहिलेली बाई. सरस थंडीत लावायचा नसतो, हे तिला या हँगरनेच शिकवलं होतं. हॅरल्ड हिवाळ्यात सरसाचा डबा उघडत नसे, आणि उघडलाच तर सांध्यावर विजेचं ब्लँकेट टाकून रात्रभर बसत असे. चौदा जानेवारी. पोरीची बोटं पेन्सिल धरू शकत नव्हती इतकी थंडी. त्या दिवशी लावलेला सरस कधी धड धरलाच नव्हता. आई तेच लिहून गेली होती, स्वच्छ शब्दांत, आणि सगळ्यांनी मिळून तिच्या अक्षराची पूजा केली.

मेव्हिसने कपाटातून कापड कापायची सुरी घेतली. डाव्या पंखाखाली गेली, हाताने फासळ्या मोजल्या, आणि आपलीच शिवण फाडली. लिनन ताणलेलं असतं. सुरी लागताच ते मोठ्याने फाटलं. तो आवाज ऐकून कॉलिन बेकनचं सँडविच हातात घेऊन धावत आला.

"आई? आई, काय करतेस? डोकं फिरलं का तुझं?"

"बॅटरी आण."

"दुपारी उडायचंय मला."

"कॉलिन, बॅटरी आण."

त्याने आणली. आत बघायची खरं तर गरजच नव्हती. फाटीतून वास भपकन बाहेर आला आणि कॉलिनने नाक धरलं. तुळईवर आजीचं नाव होतं, आणि त्याच्यावर पांढरी लव उगवली होती. त्याने अंगठ्याने फळीच्या कडेला नुसतं दाबलं. फळी सुटली. खिळा मोडल्याचा आवाज नाही, काही नाही. ओल्या पाकिटावरून तिकीट निघावं तशी ती निघाली आणि त्याच्या हातात आली. मागे सरसाच्या जागी पांढरा भुगा.

कॉलिन पंखाखाली जमिनीवर बसला. गोलांटीच्या तळाशी या पंखावर चौपट भार आला असता. हे त्याने आईला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. ती त्याच्या केसांवर हात ठेवून उभी होती.

हॅरल्ड आला तो याच वेळी. त्याने फाटलेला पंख बघितला, कॉलिनच्या हातातली फळी बघितली. रागावेल असं मेव्हिसला वाटलं होतं. त्याने चष्मा काढला आणि पुसला.

"मला माहीत होतं," मेव्हिस म्हणाली. "एप्रिलपासून. मी आईसाठी पोराला..."

"मला तुझ्या आधीपासून माहीत होतं," हॅरल्ड म्हणाला. "नाणं वाजवलं त्याच दिवशी. तिथे आवाज बसका आला होता. दोनदा वाजवून बघितलं. आणि ती ओळही वाचली होती. चाळीस वर्षं सरस लावतोय मी, मला ती ओळ कळू नये? पण तू रडत होतीस. तुझं तोंड बघितलं आणि म्हटलं, राहू दे."

"आणि सही केलीस?" कॉलिनने खालूनच विचारलं.

"केली."

"काल गोलांटीची परवानगी पण दिलीस."

हॅरल्डने चष्मा पुन्हा घातला. त्याचं तोंड एकाएकी म्हातारं दिसू लागलं. कॉलिन उठला, त्याची मूठ वळलेली होती. पण मेव्हिसला दुसरंच काहीतरी सुचलं, आणि ते सुचल्यावर तिला कॉलिनच्या मुठीचंही भान राहिलं नाही.

"अजून कुठे?" तिने विचारलं.

हॅरल्डने दाराकडे बघितलं.

"हॅरल्ड, आणखी कुठे कुठे राहू दिलंस?"

"एकाच ठिकाणी," तो म्हणाला. "निळीत. उजव्या खालच्या पंखात. एक्कावन्न साली आर्थरने तिथे तुळईला सांधा घातला होता. त्याचं नाव आहे त्यावर. जॉयसने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि मग..."

"वाजला कसा?"

"बसका."

निळीचा उजवा पंख. म्हणजे पिवळीच्या डाव्या पंखाला लागून उभा असलेला. पाणी गळलं होतं ते दोघींच्या मधोमध. मेव्हिसने दोन महिने पिवळीला नाक लावलं होतं. निळीला एकदाही लावलं नव्हतं.

बाहेर इंजिनचा आवाज चढला. तिघं धावत दारात आले. निळीची चाकं गवतावरून नुकतीच सुटत होती.

हॅरल्डचा हात भिंतीवरच्या पेटीकडे गेला. तिच्यात लाल गोळा उडवायचं पिस्तूल असतं, वैमानिकाला ताबडतोब उतर म्हणून सांगायचं. निळीत रेडिओ नव्हता. कॉलिनने त्याचं मनगट धरलं.

"नको. लाल गोळा बघितला तर डेनिस घाबरून झटकन आडवी वळवेल. वळतानाच जोर येतो पंखावर. आत्ता तो जॉयससाठी जपून चालवतोय. तशीच चालवू दे. एक फेरी मारून उतरेल."

निळी बटाट्याच्या शेतांवरून लांबवर गेली, संथपणे वळली, आणि परत विमानतळाच्या बाजूने आली. पुढच्या सीटवर चामड्याची टोपी दिसत होती. जॉयस बाहेर वाकून त्यांनाच शोधत होती.

"हात करा," कॉलिन दातांतून म्हणाला. "हसा. काहीतरी बिनसलंय असं वाटलं तर डेनिस बघायला कलेल."

ग्रिम्स्बीच्या बायका निघालेल्या माणसाला हात करत नाहीत. हात हलवला तर लाट त्याला घेऊन जाते, असं त्या मानतात. मेव्हिसने विल्फच्या ट्रकला कधी हात केला नव्हता, कॉलिनलाही नाही, साठ वर्षांत कोणालाच नाही. तिने सुरी पाठीमागे धरली आणि दुसरा हात वर केला. हॅरल्डनेही केला. तिघं ओळीत उभे राहून हसत हात हलवत राहिले. निळी गवताच्या टोकाशी पोचली, इंजिन मंदावलं, चाकं जमिनीपासून जेमतेम दोन पुरुष उंचीवर आली. हॅरल्डने रोखून धरलेला श्वास सोडला.

जॉयसने ते तिघं बघितले. मेव्हिस हात करते आहे, आणि चक्क हॅरल्ड टिड्सवेल हसून हात हलवतो आहे, हे तिला सत्तर वर्षांत मिळालेलं सगळ्यात मोठं कौतुक वाटलं असणार. ती मागे डेनिसकडे वळली, आणि हात उंच करून बोट हवेत गोल फिरवलं. अजून एक फेरी.

डेनिसने मान डोलावली. इंजिनचा आवाज पुन्हा चढला.

"हात खाली करू नका," कॉलिन म्हणाला.